प्रोग्राममधून ई-मेल पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर इथल्या पतसंस्था, उद्यमबागेतले कारखाने, शाळांची कार्यालयं आणि इंजिनिअरिंगची मुलं यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची गरज साधी असते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पावती, कोटेशन किंवा सभेची नोटीस आपोआप मेलने जावी आणि त्यासाठी वेगळा सर्व्हर विकत घ्यावा लागू नये. जीमेल, याहू, झोहो यांच्या सर्व्हरमधून हे करता येतं. अडतं तेव्हा कारण बहुतेक वेळा सर्व्हरच्या उत्तरातच लिहिलेलं असतं, पण ते न वाचता लोक कोड बदलत बसतात.

सर्व्हरचे पत्ते आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायच्या. 'डॉट' म्हणजे टिंब.

१. प्रोग्राममधून मेल जातो म्हणजे नक्की काय होतं? ब्राउझर उघडा ठेवावा लागतो का?

ब्राउझर लागत नाही. प्रोग्राम थेट मेल सर्व्हरशी जोडला जातो आणि एसएमटीपी या ठरलेल्या भाषेत बोलतो. ही भाषा १९८२ सालची. प्रोग्राम ओळख देतो, कनेक्शन एन्क्रिप्ट होतं (म्हणजे मधल्या कोणाला वाचता येत नाही), लॉगिन होतं, मग 'कोणाकडून', 'कोणाला' आणि शेवटी मजकूर. प्रत्येक वाक्यावर सर्व्हर तीन अंकी आकड्याने उत्तर देतो.

एक भेद सुरुवातीलाच ध्यानात घेतला तर पुढचे निम्मे घोळ टळतात. लॉगिननंतर सर्व्हरला सांगितलेले पत्ते म्हणजे पाकिटावरचे पत्ते. मजकुराच्या वर असलेले 'फ्रॉम', 'टू', 'सीसी' म्हणजे आतल्या पत्राचा मायना. टपाल पाकिटावरून वाटलं जातं. मायना फक्त वाचणाऱ्याला दिसतो. बीसीसी चालतं ते यामुळेच: नाव पाकिटावर असतं, मायन्यात नसतं.

२. सुरू करायला काय काय लागतं?

चार गोष्टी: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (सर्व्हरवरच्या कोणत्या दारातून आत जायचं त्याचा क्रमांक), युजरनेम, पासवर्ड. जीमेलचा सर्व्हर एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम. याहूचा एसएमटीपी डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम. भारतात उघडलेल्या झोहो खात्याचा एसएमटीपी डॉट झोहो डॉट इन, आणि स्वतःच्या डोमेनचं झोहो खातं असेल तर सुरुवातीला एसएमटीपीप्रो. आउटलुकची गोष्ट वेगळी आहे (प्रश्न २० पाहा).

युजरनेम म्हणजे 'ॲट'सकट संपूर्ण मेल पत्ता. नुसतं पुढचं नाव टाकल्याने अडलेले बरेच जण भेटतात. पोर्टचं प्रश्न ५ मध्ये, पासवर्डचं लगेच खाली.

३. पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमध्ये चालतो. मग प्रोग्राममध्ये ५३५ (लॉगिन नामंजूर) का येतो?

कारण गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नेहमीच्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद केलं. जुन्या व्हिडिओंमध्ये 'लेस सिक्युअर ॲप्स' चालू करा असं सांगितलेलं असतं. ते बटणच आता नाही, शोधण्यात वेळ घालवू नका. आता लागतो तो ॲप पासवर्ड, म्हणजे एका प्रोग्रामपुरता काढलेला वेगळा पासवर्ड. तो असा काढायचा:

१) गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. हे नसेल तर पुढची पायरी उघडतच नाही.
२) खात्याच्या पानावरच्या शोधपट्टीत 'ॲप पासवर्ड्‌स' शोधा. मेनूत तो सहज दिसत नाही, शोधूनच काढावा लागतो.
३) ओळखू येईल असं नाव द्या, उदाहरणार्थ 'पावती-काउंटर-२'.
४) सोळा अक्षरांचा पासवर्ड एकदाच दिसतो. चार-चार अक्षरांमध्ये जागा सोडून दाखवतात. त्या जागा काढून तो प्रोग्राममध्ये भरा.

प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळा ॲप पासवर्ड काढा. एक मशीन विकलं किंवा एक कारकून सोडून गेला तर तेवढाच एक रद्द करता येतो.

खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की जीमेलचे सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. 'काल संध्याकाळपर्यंत चालत होतं, आज ५३५' याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. आधी ऑफिसात विचारा, कोणी पासवर्ड बदलला का.

याहूलाही ॲप पासवर्ड लागतो. स्कॅन करून थेट मेल करणारी झेरॉक्स मशीन आणि हिशेबाची तयार पॅकेजं यांनाही हेच लागू: त्यांच्या सेटिंगमध्ये पासवर्डच्या जागी ॲप पासवर्ड भरायचा.

४. ॲप पासवर्डचा पर्यायच दिसत नाही. काय करायचं?

तीन शक्यता. टू-स्टेप चालू नाही. किंवा ते फक्त सिक्युरिटी की वर लावलेलं आहे, अथवा खात्याला ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन आहे. मग गुगल ॲप पासवर्ड देत नाही. किंवा खातं कॉलेजचं वा कंपनीचं आहे आणि ॲडमिनने ही सोय बंद ठेवली आहे. प्रोजेक्टसाठी कॉलेजचा मेल आयडी वापरणाऱ्या मुलांना बहुधा हा तिसरा अडथळा लागतो. त्यांनी प्रोजेक्टपुरतं वेगळं वैयक्तिक खातं काढावं. कॉलेजच्या ॲडमिनच्या मागे लागण्यापेक्षा ते लवकर होतं.

५. पोर्ट ४६५ घ्यायचा की ५८७? काही ठिकाणी २५ लिहिलेला दिसतो.

२५ विसरा. तो एका मेल सर्व्हरने दुसऱ्या मेल सर्व्हरशी बोलण्यासाठी आहे आणि स्पॅममुळे अनेक इंटरनेट कंपन्या तो बाहेर जाऊच देत नाहीत.

४६५ वर कनेक्शन पहिल्या अक्षरापासून एन्क्रिप्टेड असतं. ५८७ वर संभाषण उघड्यावर सुरू होतं आणि 'स्टार्ट-टीएलएस' ही आज्ञा दिल्यावर एन्क्रिप्ट होतं. दोन्ही चांगले, दोन्ही जीमेलवर चालतात. चूक होते ती जोडी चुकवण्यात. ५८७ ला थेट एसएसएलने (एन्क्रिप्शनची पद्धत; तिचं नवं नाव टीएलएस) भिडलात तर 'राँग व्हर्जन नंबर' असा न समजणारा एरर येतो. ४६५ ला साध्या पद्धतीने जोडलात तर दोघंही एकमेकांच्या बोलण्याची वाट पाहत बसतात आणि शेवटी टाइमआउट होतो. ५८७ वर स्टार्ट-टीएलएस न देता लॉगिन केलंत तर ५३० मिळतो आणि उत्तरात 'आधी स्टार्ट-टीएलएस द्या' असं स्वच्छ लिहिलेलं असतं.

निवड तुमच्या हातात असेल तर ४६५ घ्या. विसरण्यासारखी एक ओळ कमी. पण काही जुन्या लायब्रऱ्यांना निवड नसते (प्रश्न ७ पाहा).

६. पायथॉनमध्ये कमीत कमी किती लिहावं लागतं?

दहा-बारा ओळी. बाहेरचं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. एसएमटीपीलिब, एसएसएल आणि ईमेल ही मॉड्यूल पायथॉनबरोबरच येतात. ईमेल डॉट मेसेज मधून ईमेलमेसेज हा क्लास घ्या, त्यात सब्जेक्ट, फ्रॉम, टू भरा, सेट-कंटेंटने मजकूर द्या. मग एसएमटीपी-एसएसएल या क्लासने ४६५ वर जोडा, लॉगिन करा, सेंड-मेसेज करा.

खाचाखोचा अशा. तुमच्या फाइलचं नाव 'ईमेल डॉट पीवाय' किंवा 'एसएमटीपीलिब डॉट पीवाय' ठेवू नका. पायथॉन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलतो आणि इम्पोर्टलाच मोडतो. इंजिनिअरिंगच्या मुलांकडून येणाऱ्या प्रश्नांत ही चूक नेमाने असते. टाइमआउट द्या, तीस सेकंद पुरे. न दिल्यास प्रोग्राम वाट पाहत कितीही वेळ बसू शकतो. कॉन्टेक्स्ट म्हणून एसएसएलचं क्रिएट-डीफॉल्ट-कॉन्टेक्स्ट द्या, नाहीतर पायथॉन समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासतच नाही. आणि डेट हेडर आपणहून भरा. ईमेलमेसेज तो भरत नाही. ईमेल डॉट युटिल्स मधल्या फॉरमॅटडेटला लोकलटाइम ट्रू दिलं की अधिक ०५३० सह बरोबर वेळ पडते.

७. आमच्या सोसायटीचं सॉफ्टवेअर जुनं आहे, काही काम एक्सेलच्या मॅक्रोतून होतं. त्यातून जाईल का?

बहुतेक वेळा जातं, पण पोर्ट कोणता हे लायब्ररी ठरवते.

एक्सेल मॅक्रो किंवा व्हीबी ६ मध्ये सीडीओ ही विंडोजमधली मेल पाठवण्याची लायब्ररी वापरतात. सीडीओला स्टार्ट-टीएलएस येत नाही, म्हणून ४६५ आणि एसएसएल ट्रू. ५८७ लिहून दिवसभर डोकं फोडलं तरी जोडलं जाणार नाही.

डॉट नेटमधला जुना एसएमटीपीक्लायंट बरोबर उलटा: त्याला फक्त स्टार्ट-टीएलएस येतं, म्हणून ५८७ आणि इनेबल-एसएसएल ट्रू. नवीन काम असेल तर मेलकिट वापरा; मायक्रोसॉफ्टही तेच सुचवते.

पीएचपीचं नुसतं मेल फंक्शन जीमेलमध्ये लॉगिन करत नाही, ते होस्टिंगच्या सर्व्हरमधून मेल ढकलतं. पीएचपीमेलर घ्या.

कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी असेल तर नाद सोडा. टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या आणि एक्सपीला १.२ येतच नाही. विंडोज ७ ला येते, पण सगळ्या प्रोग्रामांसाठी आपोआप चालू नसते. डॉट नेटचा प्रोग्राम असेल तर ४.६ किंवा पुढच्या आवृत्तीवर नेलात की बहुधा प्रश्न मिटतो.

८. प्रोग्राम नुसता अडकून बसतो, एररही देत नाही. काय तपासू?

कोड बाजूला ठेवा, आधी रस्ता मोकळा आहे का ते बघा. विंडोजवर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट देऊन चालवा. शेवटी टीसीपी-टेस्ट-सक्सीडेड पुढे ट्रू आलं तर रस्ता मोकळा, दोष कोडमध्ये. पोर्टची जोडी तपासा (प्रश्न ५). फॉल्स आलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तेच करून बघा. हॉटस्पॉटवर जातं आणि ऑफिसच्या नेटवर नाही, म्हणजे राउटर, फायरवॉल किंवा ब्रॉडबँडवाला अडवतोय. कॉलेजच्या लॅबमध्ये ४६५ आणि ५८७ दोन्ही बंद असणं नेहमीचं आहे. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवरही काही कंपन्या हे पोर्ट सुरुवातीला बंद ठेवतात. सपोर्टला लिहून उघडून घ्यावे लागतात.

९. 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' येतं. तपासणी बंद केली तर चालतं. ठेवू का तशीच?

नको. तपासणी बंद केली की मधला कोणीही 'मीच जीमेल' म्हणून तुमचा पासवर्ड घेऊ शकतो. कारण शोधा, ते सहसा क्षुल्लक असतं.

पहिलं बघा घड्याळ. जुन्या कॉम्प्युटरची मदरबोर्डवरची बॅटरी, नाण्याएवढी सीआर २०३२, संपलेली असते. लाइट जाऊन आली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि सर्टिफिकेट 'अजून सुरूच झालेलं नाही' असं ठरतं. खेडेगावातल्या शाखांमध्ये हे फार दिसतं. बॅटरी स्वस्त आहे, बदला. दुसरं, अँटिव्हायरस: काही अँटिव्हायरस मेल तपासण्यासाठी मध्ये स्वतःचं सर्टिफिकेट घुसवतात. त्याचं मेल स्कॅनिंग थोडा वेळ थांबवून बघा. मॅकवर पायथॉन नव्याने टाकला असेल तर त्याच्या फोल्डरमधली इन्स्टॉल-सर्टिफिकेट्‌स ही फाइल एकदा चालवा.

१०. सर्व्हर आकडे देतो, त्यांचा अर्थ कसा लावायचा?

पहिला अंक बघा. २ म्हणजे ठीक. ४ म्हणजे आत्ता नाही, नंतर या. ५ म्हणजे नाही म्हणजे नाहीच. तेच पुन्हा पाठवून उपयोग नाही. चारला थांबून पुन्हा प्रयत्न करा: पाच मिनिटं, मग पंधरा, मग तास. पाचला लगेच थांबा.

नेहमी दिसणारे असे. ५३५ ५.७.८: युजरनेम-पासवर्ड नामंजूर. ५३४ ५.७.९: ॲप पासवर्ड हवा. ५५० ५.१.१: असा पत्ताच नाही. ५५० ५.४.५: दिवसाचा कोटा संपला. ५५२: फाइल फार मोठी, किंवा चालत नाही अशी फाइल जोडली आहे. ४५४ ४.७.०: फार वेळा लॉगिन केलंत. ४२१: सर्व्हर सध्या घेत नाही.

४५४ हा स्वतःच्या हाताने ओढवलेला असतो. दर मेलला नवीन कनेक्शन, नवीन लॉगिन असं लूपमध्ये लिहिलं की तो येतो. एकदा लॉगिन करून पन्नासेक मेल पाठवा, मग कनेक्शन बंद करून पुन्हा उघडा.

मदत मागताना 'मेल जात नाही की हो' एवढंच लिहू नका. सर्व्हरची पूर्ण ओळ जशीच्या तशी पाठवा, पासवर्ड मात्र खोडून. पायथॉनमध्ये सेट-डीबगलेव्हल १ केलं की सगळं संभाषण दिसतं; त्या संभाषणात पासवर्डही उलगडता येईल अशा रूपात असतो, हे ध्यानात ठेवा.

११. मराठी आणि कन्नड मजकूर पाठवतो, पण समोर प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसतात.

काय दिसतं त्यावरून दोष कुठे ते कळतं.

*प्रश्नचिन्हं* दिसत असतील तर अक्षरं पाठवण्याआधीच मेली. परत आणता येणार नाहीत. बहुतेक वेळा एक्सेलमधून यादी साध्या सीएसव्हीत साठवलेली असते. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडून साठवा (यूटीएफ-८ म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या युनिकोडची साठवण्याची पद्धत) आणि पायथॉनमध्ये ती फाइल यूटीएफ-८-सिग या एन्कोडिंगने उघडा. नुसतं यूटीएफ-८ दिलंत तर पहिल्या रकान्याच्या नावाला अदृश्य खूण चिकटते आणि 'रकाना सापडत नाही' असा एरर येतो. व्हीबीए मॅक्रोत देवनागरी मजकूर थेट कोडमध्ये लिहिला तरी प्रश्नचिन्हं होतात, कारण तो एडिटर युनिकोड जाणत नाही. मजकूर शीटच्या सेलमध्ये ठेवा आणि तिथून उचला.

*टोप्या-मात्रा असलेल्या रोमन अक्षरांचा गोंधळ* दिसत असेल तर अक्षरं शाबूत आहेत, लेबल चुकलं आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्हींची प्रत्येक खूण तीन बाइटची असते. समोरचा एकेक बाइट सुटा वाचतो. पीएचपीमेलरमध्ये कॅरसेट मुळात आयएसओ-८८५९-१ असतो, तो यूटीएफ-८ करा. सीडीओमध्ये बॉडीपार्टचा कॅरसेट यूटीएफ-८ लावा.

*चौकोन* दिसत असतील तर मेल ठीक आहे, बघणाऱ्याच्या मशीनवर त्या लिपीचा फाँट नाही.

विषयाची ओळ वेगळी सांभाळावी लागते, कारण हेडरमध्ये देवनागरी थेट ठेवायची नसते, सांकेतिक रूपात ठेवायची असते. पायथॉनचा ईमेलमेसेज हे आपणहून करतो. हाताने हेडर जुळवणाऱ्या जुन्या कोडमध्ये मात्र मजकूर नीट आणि विषय बिघडलेला असं हमखास होतं.

१२. यूटीएफ-८ लावलं, तरी मजकूर अगम्यच येतो. टाइप तर मराठीतच केला होता.

कशात टाइप केला ते बघा. श्रीलिपीचे किंवा नुडीचे जुने, युनिकोड नसलेले फाँट असतील तर ती मुळात रोमन अक्षरंच असतात. फाँटमुळे मराठी किंवा कन्नड दिसतात एवढंच. मेलबरोबर फाँट जात नाही आणि खरं रूप उघडं पडतं. सीमाभागातल्या कार्यालयांत नोटिसा दोन्ही लिप्यांत आणि वर्षानुवर्षांच्या जुन्या फाँटमध्ये असतात, म्हणून हा प्रश्न आमच्याकडे फार येतो. उपाय दोन: मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्यांखालून घाला, किंवा जुनी नोटीस पीडीएफ करून जोडा, पीडीएफमध्ये फाँट आतच बसतो. सभासदांच्या नावांची यादी मात्र एकदाच बसून युनिकोडमध्ये करून टाका. दरवर्षी तेच दुखणं कशाला?

१३. पावतीची पीडीएफ जोडतो, ती समोर उघडत नाही. आणि किती मोठी फाइल चालते?

उघडत नसेल तर फाइल वाचताना बायनरी मोड, म्हणजे 'आरबी', दिलाय का ते बघा. प्रकारही सांगा: मेनटाइप ॲप्लिकेशन, सबटाइप पीडीएफ. फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. देवनागरी नाव नव्या प्रोग्रामांत चालतं, पण जुन्या मेल सॉफ्टवेअरमध्ये ते बिघडून एक्स्टेन्शन हरवतं आणि मग फाइल उघडत नाही.

जीमेलची मर्यादा २५ एमबी. मेलमध्ये फाइल बेस-६४ रूपात जाते, तीन बाइटांचे चार होतात, म्हणजे १८ एमबीची फाइल वाटेत सुमारे २५ एमबी भरते. समोरच्या सर्व्हरची मर्यादा लहान असू शकते, म्हणून १० एमबीच्या आत ठेवा. उद्यमबागेतून ड्रॉइंग पाठवणाऱ्यांनी फाइल ड्राइव्हवर ठेवून लिंक द्यावी. ईएक्सई, बॅट, जेएस या फाइली जीमेल झिपमध्ये घातल्या तरी अडवतं.

१४. अठराशे सभासदांना वार्षिक सभेची नोटीस पाठवायची आहे. एका दिवसात जाईल का?

वैयक्तिक जीमेलमधून नाही. त्याची मर्यादा दिवसाला सुमारे ५००. पैसे भरून घेतलेल्या वर्कस्पेस खात्याची २,०००. हा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, मागचे चोवीस तास मोजले जातात आणि ब्राउझरमधून पाठवलेले मेलही त्यातच धरतात. मर्यादा ओलांडली की खातं काही तासांपासून दिवसभरापर्यंत पाठवू देत नाही. म्हणजे ऑफिसचा रोजचा पत्रव्यवहारही थांबतो. त्यामुळे दिवसाला ४०० धरा. अठराशे मेलना पाच दिवस लागतील, नोटिशीची मुदत त्या हिशेबाने पाळा. दोन मेलमध्ये दोन-तीन सेकंद थांबा. काल उघडलेल्या खात्यातून आज ४०० पाठवू नका. थोड्यापासून वाढवत न्या.

बीसीसीत सगळे घालून एकच मेल हा उपाय वाटतो, पण एसएमटीपीतून एका मेलला १०० पत्त्यांची मर्यादा आहे आणि असे मेल स्पॅममध्येही लवकर जातात. प्रत्येकाला त्याच्या नावाने स्वतंत्र मेल हेच बरं. कोणत्याही परिस्थितीत सगळे पत्ते 'टू'मध्ये घालू नका. सभासदांचे पत्ते एकमेकांना वाटण्याचा अधिकार सोसायटीला नाही.

हे दर महिन्याला करायचं असेल तर वेबमेल ही त्याची जागा नव्हे. मोठ्या संख्येने मेल पाठवणारी सशुल्क सेवा आणि स्वतःचं डोमेन घ्या.

१५. लूपमधून स्वतंत्र मेल पाठवले, तरी लोकांना आधीच्या सभासदांचे पत्ते दिसले!

मेसेज लूपच्या बाहेर एकदाच तयार केला आणि आत 'टू' भरत गेलात. पायथॉनच्या जुन्या माइम-मल्टिपार्टमध्ये 'टू' पुन्हा भरला की जुना जात नाही, नवा खाली जोडला जातो. शंभराव्या माणसाला शंभर पत्ते दिसतात. नवा ईमेलमेसेज अशा वेळी सरळ एरर देऊन थांबतो, हे चांगलंच. मेसेज लूपच्या आत, दर माणसासाठी नवा तयार करा.

भाऊबंद चूक: बीसीसीचे पत्ते हेडरमध्ये लिहून जुनं सेंडमेल फंक्शन वापरणं. ते हेडर तसंच पुढे जातं. सेंड-मेसेज ते काढून टाकतं.

१६. तीनशे मेल गेल्यावर लाइट गेली. आता पुन्हा पहिल्यापासून पाठवू का?

नको, तीनशे जणांना दोनदा जाईल. यादीतच एक रकाना ठेवा: बाकी, पाठवतोय, गेला. मेल पाठवण्याआधी 'पाठवतोय' लिहून फाइल साठवा, सर्व्हरने २५० दिल्यावर 'गेला' आणि वेळ. नोंद मेमरीत ठेवून शेवटी साठवलीत तर लाइटबरोबर तीही जाते.

पुन्हा सुरू करताना 'बाकी' असलेल्यांनाच पाठवा. 'पाठवतोय'वर अडकलेला जास्तीत जास्त एक असेल. तो गेला की नाही हे जीमेलच्या सेंट फोल्डरमध्ये बघा, प्रोग्राममधून गेलेल्या मेलची प्रतही तिथे पडते. नेट मधेच तुटून टाइमआउट झाला तरी हीच रीत, कारण सर्व्हरने मेल घेतलेला असतो, फक्त पोच तुमच्यापर्यंत आलेली नसते.

आणि यूपीएसवर कॉम्प्युटर असतो, राउटर नसतो. तोही लावा.

१७. प्रोग्राम 'गेला' म्हणतो, पण समोरच्याला मिळत नाही.

२५० म्हणजे तुमच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला, एवढंच. पुढे तो परत आला तर परतीची चिठ्ठी मेलर-डीमनच्या नावाने पाठवणाऱ्या खात्याच्या इनबॉक्समध्ये येते. प्रोग्रामसाठी वेगळं काढलेलं खातं कोणी उघडूनच बघत नाही आणि चिठ्ठ्या साचत राहतात. आठवड्यातून एकदा बघा, चुकीचे पत्ते यादीतून काढा; मेलेल्या पत्त्यांवर पाठवत राहिलात तर तुमचीच पत खाली जाते.

परत आला नसेल तर समोरच्याला स्पॅम फोल्डर बघायला सांगा. स्पॅममध्ये ढकलणाऱ्या गोष्टी: नुसतं चित्र आणि मजकूर नाही, छोट्या केलेल्या लिंका, रिकामा विषय, एचटीएमएल आहे पण साध्या मजकुराची प्रत नाही.

१८. मेल सोसायटीच्या पत्त्यावरून आल्यासारखा दिसायला हवा, जीमेलवरून नको. फ्रॉम बदलला तर चालेल?

दिसणारं नाव हवं ते लावा, तिथे अडचण नाही. पत्ता बदललात तर जीमेल तो गुपचूप पुसून लॉगिन केलेल्या खात्याचा पत्ता लावतं. सेटिंगमधल्या 'सेंड मेल ॲज'मध्ये दुसरा पत्ता पडताळून घेतला तरच तो टिकतो.

इथेही एक गाठ आहे. सोसायटीच्या डोमेनवर डीमार्क (डोमेनच्या नावाने आलेले खोटे मेल कसे हाताळायचे याचा नियम) कडक असेल तर वैयक्तिक जीमेलमधून गेलेला असा मेल नापास होऊ शकतो, कारण त्यावरची सही जीमेलची असते, डोमेनची नव्हे. उत्तरं फक्त सोसायटीच्या पत्त्यावर यावीत एवढंच हवं असेल तर रिप्लाय-टू भरा. जीमेल त्याला हात लावत नाही.

डोमेनवरूनच पाठवायचं तर डोमेनचं मेल खातं घ्या आणि डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफ (कोणते सर्व्हर पाठवू शकतात), डीकिम (मेलवरची सही) आणि डीमार्क लावा. एसपीएफची नोंद डोमेनला एकच असते. जुनी तशीच ठेवून दुसरी घातली की दोन्ही निकामी. दोन्हीतला मजकूर एकाच ओळीत आणायचा. डीमार्क आधी 'नन'वर, म्हणजे काहीच न अडवणाऱ्या पातळीवर, ठेवा. गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून याबाबत कडक धोरण घेतलं आहे.

१९. वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्ममधून मेल येणं बंद झालं. काय बिघडलं?

फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता फ्रॉममध्ये घातलेला असेल. म्हणजे तुमचा सर्व्हर त्या गिऱ्हाइकाच्या नावाने खोटं पत्र लिहितोय. याहूच्या पत्त्याच्या नावाने दुसऱ्या सर्व्हरवरून आलेले असे मेल नाकारावेत, असं याहूने तर २०१४ पासूनच इतरांना सांगून ठेवलं आहे. फ्रॉममध्ये स्वतःचा पत्ता, रिप्लाय-टूमध्ये गिऱ्हाइकाचा. 'रिप्लाय' दाबलं की उत्तर बरोबर त्याच्याकडेच जातं.

२०. आउटलुक किंवा हॉटमेलचं खातं आहे. ॲप पासवर्डही चालत नाही.

चालणार नाही. मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून या वैयक्तिक खात्यांसाठी पासवर्डने लॉगिन पूर्ण बंद केलं, ॲप पासवर्डसकट. आता फक्त ओऑथ २, म्हणजे प्रोग्रामला पासवर्ड न देता ब्राउझरमधून परवानगी देण्याची पद्धत. सर्व्हर एसएमटीपी-मेल डॉट आउटलुक डॉट कॉम, पोर्ट ५८७. रोज वीस पावत्या पाठवण्यासाठी एवढा खटाटोप परवडत नाही; पाठवण्यापुरतं जीमेल खातं काढा आणि रिप्लाय-टूमध्ये आउटलुकचा पत्ता ठेवा.

२१. जीमेलला ओऑथ लावलं, पण दर आठवड्याला पुन्हा लॉगिन मागतं.

गुगल क्लाउडमध्ये तुमचं ॲप 'टेस्टिंग' अवस्थेत आहे. त्या अवस्थेत रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता परवानगी चालू ठेवणारी चावी) सात दिवसांत संपतं. ते 'प्रॉडक्शन'मध्ये न्या. परवानगीही बेताची मागा: नुसतं पाठवायचं असेल तर जीमेल एपीआयची 'सेंड' पुरे, पूर्ण मेलबॉक्सची नको.

२२. पासवर्ड कोडमध्येच लिहिला तर काय बिघडतं? प्रोग्राम आमच्याच मशीनवर आहे.

तो फाइलबरोबर पेन ड्राइव्हवर, बॅकअपमध्ये, दुरुस्तीवाल्याकडे आणि प्रोजेक्ट गिटहबवर टाकला की जगभर जातो. एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये किंवा वेगळ्या फाइलीत ठेवा आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये घाला. एकदा गिटहबवर गेलेला पासवर्ड पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, इतिहासात तो राहतोच. ॲप पासवर्ड लगेच रद्द करून नवा काढा, दोन मिनिटांचं काम आहे.

२३. पत्ताच देवनागरीत असेल तर त्यावर मेल जाईल का?

वाटेतल्या सगळ्या सर्व्हरना एसएमटीपीयूटीएफ-८ ही सोय माहीत असेल तर जाईल. जीमेल २०१४ पासून अशा पत्त्यांशी व्यवहार करतं. नुसतं डोमेन डॉट भारतचं आणि पुढचं नाव रोमन असेल तर सोपं आहे, डोमेनचं प्यूनिकोड रूप, म्हणजे रोमन अक्षरांतलं रूप, वापरता येतं. जुन्या मॅक्रोंकडून याची अपेक्षा ठेवू नका. सभासद अर्जावर रोमन पत्त्याचा दुसरा रकाना ठेवा.